कपबशी

पहिल्यांदा आले तेव्हा तिघंच होते.
झुरू पुंगाटी, भामरागडच्याही पलीकडला,
मनीराम बेठेकर, चिखलदऱ्याच्या खालच्या अंगाचा,
आणि एक वकील, ज्यानं ॲडव्हान्स दिला.
साल अठ्ठ्याहत्तर, गोळीबार चौक,
तीन बाय सहाचं टिनपत्र.
लिहा म्हणाले, पहाड संघ.

झुरू म्हणाला, पहाड कायचा, मट्टा म्हनतो आमी.
मनीरामनं दुसराच शब्द सांगितला,
मी तीनदा विचारला, तीनदा वेगळा ऐकला.
वकील म्हणाला, मराठीतच लिहा,
सायबाले वाचता आलं पाह्यजे.
मी लिहिलं. हिरवा ऑइल पेंट, पांढरी किनार.
ह-च्या पोटातून एक थेंब ओघळला,
घाईत तसाच राहिला.

निशाणी मागितली होती मोहाचं झाड.
मिळाली कपबशी.
झुरू खो खो हसला,
आंबील कोन पेते बशीत?
तरी काढल्या मी पाड्यापाड्यांत,
कुडाच्या भिंतींवर, गेरूनं, चुन्यानं,
शेण सारवलेलं ओलं असेल तर कान वाकडा यायचा.
एका म्हातारीनं विचारलं, याच्यात वाफ कुठं हाये बाबू?
मी वाफ काढली. तीन रेघा.
त्या खेपेला दोन आमदार निवडून आले.
वाफेनं आले, असं मी अजून धरून आहे.

डिसेंबरात मोर्चा यायचा.
रात्रभर मी कापडं लिहायचो :
तेंदूपत्त्याचा बोनस, जमिनीचे पट्टे,
आश्रमशाळेत सर्पदंशानं गेलेली पोर.
दर वर्षी कापड तेच,
पोरीचं नाव तेवढं बदलायचं.

मॉरिस कॉलेजपाशी बांबू आडवे लावलेले.
मागे टेकडी दिसायची, सीताबर्डीची.
मनीराम म्हणाला, एवढ्या शहरात हे एवढीशी टेकडी,
आन् तिलेही फाटक?
म्हटलं, वर पलटण असते,
वर्षातून तीन दिवस उघडतो किल्ला.
तो बोटं मोडत बसला.
मग म्हणाला, तीन दिवस म्हंजे बरंच की.
आमच्याइकडं फॉरेस्टवाले इतकेही देत नाई.

पुढं एक आमदार मंत्री झाला
आणि पाटी दुकानात परत आली.
कंसात 'मूळ' लिहा.
सहा महिन्यांनी दुसरे आले, त्यांचं कंसात 'खरा'.
मग आले 'एकीकृत'.
एकीकृतवाले चौघं होते,
त्यातले दोघं एकमेकांशी बोलत नव्हते.
मी सगळ्यांना लिहून दिलं.
उधारी सगळ्यांची सारखी.

झुरू एकदा एकटाच आला, पंचायत निवडणुकीत पडल्यावर.
कपबशी तेव्हा कोर्टात अडकलेली,
कोणत्याच गटाला नाही.
चहा मागवला. त्यानं बशीत ओतला, फुंकला,
माझ्याकडं बघून म्हणाला,
पेलो नं भाऊ शेवटी.
त्यानंतर त्याची बातमी आली ती आतल्या पानावर,
चार ओळी, आडनाव चुकलेलं.

आता फ्लेक्सचा जमाना. माझ्याकडं येतं कोण?
परवा एक पोरगी आली, हेल्मेट काखेत,
सुमरती बेठेकर. मनीरामची नात,
वकिलीच्या दुसऱ्या वर्षाला आहे.
तेच टिनपत्र घेऊन आली, कडा गंजलेल्या,
रंगाचे पापुद्रे बोटभर जाड.
म्हणाली, काका, हे सगळं खरवडा. पक्ष नवा करतो आम्ही.
पत्रा घासायला दुपार गेली.
मूळ गेलं, खरा गेला, एकीकृत गेलं,
हिरवाही गेला.
तो थेंब मात्र पत्र्यात खड्डा पाडून बसलेला.

म्हटलं, काय लिहू?
म्हणाली, आमच्या भाषेत लिहा, पहाड.
म्हटलं, सांग.
ती सांगायला गेली आणि थांबली.
फोन लावला गावाला, आजीला. रेंज जाते, येते.
आजी एक म्हणते, हिला दुसरंच आठवतंय,
मागून कुणी बाई तिसरं ओरडते,
आणि स्पीकरवर कोंबडा.

मी ब्रश धरून उभा आहे.
रंग घट्ट व्हायला लागलाय.
थोडं टर्पेंटाइन घालतो.