राजधानीच्या जागी भोक

आमच्या चौथी ‘ब’च्या नकाशात दिल्ली नाही.
म्हणजे होती;
पण बावीस वर्षं दरेक पोरानं
‘ही बघा बाई, राजधानी’ म्हणत
तिच्यावर बोट टेकवलं
आणि ती झिजली.
आता तिथे भोक आहे, आठ आण्याएवढं,
त्यातून भिंतीचा पोपटी रंग दिसतो.
पुणं शाबूत आहे.
पुण्यावर बोट ठेवायला
कुणी कधी सांगितलंच नाही.

जूनमध्ये शगुफ्ता आली.
वडील सिंहगड रोडच्या नव्या इमारतींत
छतावर पीओपीची वेलबुट्टी काढतात.
कुठून आलीस, विचारलं
तर नकाशापाशी गेली
आणि भोकाच्या उजव्या कडेला करंगळी लावली.
नदीच्या पल्याड, म्हणाली.

दिवाळीनंतर ऋतूंचा धडा निघाला.
मी फळ्यावर तीन रकाने आखले,
उन्हाळा, पावसाळा, हिवाळा,
तर मागून आवाज, ‘बाई, आणखी जागा ठेवा.’

तिचं मराठी तेव्हा
नुकत्याच बसू लागलेल्या बाळासारखं,
मधेच कलंडायचं.
पण सांगत गेली:
मे महिन्यात तिकडे वाऱ्याला नाव असतं, लू.
ती आली की खिशात कांदा ठेवायचा.
‘आणि भाकरी?’ ऋग्वेद पासलकरनं विचारलं.

जानेवारीत धुकं असं
की अब्बूंची सायकल घंटीपासून सुरू होते,
मग चाक,
मग अब्बू.

आणि दिवाळीच्या मागेपुढे एक ऋतू,
ज्याचं नाव पुस्तकात नाही.
आभाळ राखेचं, डोळे चुरचुरतात,
शाळेला सुट्टी.
‘सुट्टी!’ अख्खा वर्ग हरखला.
ती नाही.
खिडकी पण बंद ठेवायची, म्हणाली.
धाकटा भाऊ रात्रभर खोकायचा.

खडू माझ्या हातातच राहिला.

मग सानिका धुमाळ उठली:
धरणातून पाणी सोडतात, भिडे पूल बुडतो,
तो पण ऋतू लिहा ना बाई.
आणि ऑक्टोबरात ऊन परत येतं ना,
छत्री विसरल्यासारखं, तो.
आणि स्वेटर सकाळी अंगात,
दुपारी कमरेला, तो!
आणि बहावा,
सगळा रस्ता पिवळा करणारा.
‘अमलतास!’ शगुफ्ता जागेवरून ओरडली,
‘तो आमच्यात पण आहे!’
फळा भरला. रकाने कधीच मोडले होते.

दिल्लीत खरा किल्ला आहे ना गं, लाल?
मातीचे किल्ले नुकतेच मोडून आलेली पोरं विचारत होती.
त्याच्यावर आळीव उगवतो का?
मावळे कुठे ठेवतात?
तिनं खरंच विचार केला.
‘माहीत नाही. बाहेरून पाहिलाय.
आत जायला तिकीट पडतं.’

मीही दिल्ली एकदाच पाहिली,
मामेबहिणीच्या लग्नात, डिसेंबरात.
तीन दिवस सूर्य दिसला नाही.
इतकी वर्षं ती शिकवतेय,
हे मात्र वर्गाला सांगितलं नाही.

नवा नकाशा मागवलाय.
मंजुरीला दोन ऋतू लागतील, मुख्याध्यापक म्हणाले.
(कोणते दोन, ते त्यांना विचारायला हवं.)
तोवर हाच.

परवा पुसताना पाहिलं,
पुण्याचा ठिपका मळलाय.
कुणीतरी रोज बोट ठेवतंय तिथे,
छोटं,
बहुतेक करंगळी.