वजा तीन क्ष

दुमजली पलंगावर मी खाली, झेरिन वर.
फळ्यांच्या फटीतून रात्रभर
खोडरबराचा चुरा माझ्या उशीवर गळतो.
सकाळी आई चादर झटकते, म्हणते,
लाकडाला कीड लागली वाटतं.

तिला गणितात अठ्ठ्याण्णव मिळाले.
दोन गेले एका वजाच्या चिन्हापायी :
सातव्या ओळीत होतं,
आठवीत उतरवायचं राहिलं.
बाबांनी त्राब्झोनच्या धक्क्यावर
जाळी विणणाऱ्या सगळ्यांना चहा पाजला,
हाम्सीची आख्खी परात घरी आणली.
झेरिननं दोन मासे खाल्ले. दोनच.

रात्री वर कुजबुज.
सातवी ओळ म्हणते, आठवी म्हणते,
पुन्हा सातवीवर येते.
दाणे कधीच संपलेत,
जातं आपलं फिरतंय.
वजा तीन क्ष, वजा तीन क्ष...
मी पाचवीत आहे. क्ष कोण ते मला ठाऊक नाही,
पण त्याचा राग येतो.

मागच्या हिवाळ्यात अशी नव्हती.
एका पोत्यात हेझलनट किती मावतील
याचा हिशेब तिनं भिंतीवर मांडला होता,
चारशेनं चुकला,
तर हसून हसून तिला उचकी लागली.
भिंतीवर अजून आहे तो, कॅलेंडरच्या मागे.

सोमवारी निबंध द्यायचा होता.
'आमच्या समुद्राला काळा कोण म्हणालं,
त्यानं तो नोव्हेंबरातच पाहिला असणार.'
एवढं लिहिलं आणि फाडलं.
मग दुसरं वाक्य. फाडलं.
अकरा कागद मी टोपलीतून काढून सपाट केले.
मला अकराही आवडले.
तिनं म्युनेव्वर बाईंना काहीच दिलं नाही.

शून्य.

त्या रात्री चुरा गळला नाही.
कुजबुजही नाही.
मी विचारलं, झोपलीस?
वरून आवाज आला, अगदी शांत :
शून्यात चूक काढता येत नाही कुणाला.

कुजबुजीची मला कधी भीती वाटली नव्हती.
या शांततेची वाटली.
काय बोलावं सुचेना,
म्हणून जे पाठ होतं तेच मोठ्यानं म्हणू लागलो,
सातवी ओळ,
आणि मुद्दामच की घाबरून, सांगता येत नाही,
म्हणालो : अधिक तीन क्ष.

बराच वेळ काही नाही.
धक्क्यावर कुणाच्या तरी बोटीचं इंजिन
खोकलं, बंद पडलं, पुन्हा खोकलं.

"वजा," वरून आलं.
मी म्हणालो, अधिक.
"वजा, गाढवा!
वजा आहे तिथे, जगाला माहीत आहे आता!"
आणि शेवटच्या शब्दावर
उचकीसारखं काहीतरी.
हसणं होतं की दुसरं काही,
अंधारात कळलं नाही.

मग पलंगाच्या काठावरून
तिचा एक पाय खाली लोंबकळला,
उगाच हलत राहिला.
मोज्याला भोक होतं, अंगठा बाहेर.

मी काही बोललो नाही.