आठ बाय चार

हौदा नऊ फुटी.
आठ बाय चारची शीट सपाट टाकली
की फाळका लागतो, कडी बसते,
मागे फूटभर जागा उरते:
रंधा, पटाशी, जेवणाचा डबा.

सोळा वर्षं हाच हिशोब.
तुर्भ्याच्या वखारीतून माल उचलायचा,
घणसोलीत नाहीतर ऐरोलीत
कुणाच्या तरी चौथ्या मजल्याखाली उभं राहायचं,
आणि कामाआधी वॉचमनशी भांडण.

आता कपाट खोक्यातून येतं.
सोबत एक पोरगा, एक वाकडी किल्ली,
दोन तासांत उभं.
मला बोलावतात सहा महिन्यांनी,
दार लोंबायला लागलं की.
परवा सेक्टर पंधरात गेलो,
अख्ख्या नऊ फुटांत
चार बिजागऱ्या आणि फेव्हिकॉलचा एक डबा.
डबा प्रत्येक वळणाला गडगडत होता,
वऱ्हाड गेल्यावर हॉलमध्ये
एकटंच पोर धावावं तसा.

केतकीने मोबाइलवर रकाने केलेत.
डिझेल, विमा, टायर.
एक रकाना माझ्या गुडघ्याचा:
हौद्याची उंची, दिवसातून किती चढउतार.
पोरगी कुठे चुकलेली नाही, हाच त्रास आहे.
रात्री अकराला कोपरखैरण्यात
तीन चकरा मारतो, जागा नाही.
शेवटी नाल्याच्या कडेला लावतो
आणि वीस मिनिटं चालत घर.
झोपेतही एक कान नाल्यापाशी असतो.

तळवलीचा हरेश भोईर बघून गेला.
मंडपवाला. त्याला लांबी हवी, बांबूंसाठी.
फणस वाजवावा तसा त्याने हौदा वाजवला.
गंज कुठाय, विचारलं.
मीच दाखवला, डावा कोपरा,
एका पावसाळ्यात चुन्याची गोण फुटलेली.
लपवून विकता आली असती,
पण गाडी उद्यापासून ह्याच रस्त्यावर दिसणार,
आणि भोईरही.
दोन ऐंशी, तो म्हणाला.
बघतो, मी म्हणालो.
तो हसला. बघतो म्हणजे काय
ते बांबूवाल्यालाही कळतं.

मग महापेला शोरूमात.
छोटा हत्ती. पांढरा, धुतलेला.
नाव हत्ती, वर हौदाही आहे,
फक्त माहूत बसला की
गुडघे स्टेअरिंगला लागतात.
सेल्सवाला सर सर करत होता.
मी खिशातून टेप काढली,
जीभ केबिनला अडकवली, ओढत मागे आलो.
सात फूट, वर दोन इंच,
आणि फाळक्यावरून टेप वाकून खाली पडली.
आठवा फूट हवेत.
काका, म्हणाला तो, तेवढं चालतं हो.
टेप बघितल्यावर सरचा काका झाला होता.

घरी कुमुद वाल सोलत होती.
सगळं ऐकून घेतलं, मान वर न करता.
मग विचारलं, पूर्ण शीटा वर्षाला किती येतात आता?
मी बोटांवर मोजल्या.
दुसऱ्या हाताची गरज पडली नाही.
मग राहू दे की फूटभर बाहेर, ती म्हणाली,
लाल फडकं बांधायचं. लोक बांधतात.
हात पुसले, जुना परकर काढला,
टर्रकन पट्टी फाडून माझ्यापुढे टाकली
आणि पुन्हा वाल.

सकाळी नाल्यावर गेलो.
काचेवरच्या धुळीत कुणीतरी बोटाने लिहिलेलं,
धुवा.
फाळका उघडला. आत काहीच नव्हतं.
तरी लावून बघितला,
कडी ठक्क बसली, पहिल्या दिवसासारखी नाही,
पण बसली.

तेवढ्यात फोन. भोईर.
एका हातात कडी, एका हातात पट्टी.
वाजून बंद झाला.
पुन्हा वाजला.
तिसऱ्यांदा वाजला तेव्हा
मी पट्टी दातांत धरली,
खिळे धरतो तशी,
आणि कडीवरचा हात काढला.