दोन सूत

मडगार्ड खोक्यातून निघालं तेव्हा
काळंभोर होतं, नव्या तव्यासारखं,
बोटांना लागणारं तेल तैवानच्या कुठल्याशा कारखान्यातलं.
आतल्या कडेला कुणीतरी खडूने
बरोबरची खूण केलेली.
म्हणजे तपासून पाठवलं होतं म्हणायचं.

बाहेर सस्कॅचेवानचा नोव्हेंबर, उणे अठरा.
शेडमधला हीटर एका अंगाने भाजतो,
दुसरं अंग गोठू देतो.
मध्ये तातोचा पिकअप, सदुसष्टचा.
त्याने गहू वाहिला, कुंपणाचे खांब वाहिले,
एकदा आजारी वासरू पुढच्या सीटवर, माझ्या मांडीवर डोकं ठेवून.
शेवटी हिवाळी रस्त्यांवरच्या मिठाने त्याच्या कडांची जाळी केली.
चाकामागून माझी मूठ आरपार जायची.

चार बोल्ट बसले.
पाचवा बसेना.
भोक दोन सूत पुढे.
दाराशी फट वर करंगळीएवढी,
खाली पोस्टकार्डसुद्धा शिरेना.
वॉशर घातले, काढले, पुन्हा घातले.
बिजागऱ्या सैल केल्या, दार उचललं, गुडघा लावून रेटलं.
शिव्या दिल्या आधी मडगार्डाला, मग कारखान्याला,
मग युक्रेनियनमध्ये,
कारण त्या भाषेतलं मला तेवढंच नीट येतं.

रविवारी मेथोडी ह्रिंचुक आला,
ऐंशीच्या पुढचा, जन्म पत्रा ठोकण्यात गेलेला.
नव्या मडगार्डाकडे त्याने पाहिलंच नाही.
खिशातून टेप काढला. "धर ते टोक."
चासीच्या या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत,
मग उलटा कर्ण.
फरक निघाला अंगठ्याएवढा.

"मडगार्ड सरळच आहे," म्हणाला,
"गाडी वाकडी आहे."

तातो सांगायचा, ही गाडी कधी कशाला घासलीसुद्धा नाही.
जेवताना सांगायचा.
आई नेमकी तेव्हाच पाणी आणायला उठायची.

जुनं मडगार्ड आम्ही बाकावर उलटं केलं.
आतून हातोडीचे घाव,
एकाला एक लागून, माशाच्या खवल्यांसारखे.
कुणीतरी रात्री जागून
सरळ पत्र्याची समजूत घातली होती.
भोकं कानशीने ओढून लांबट केलेली.
बाहेरून लांबी, काही ठिकाणी बोटभर जाड,
आणि तिच्यावर निळा रंग, इतका गुळगुळीत
की शाळेत जाताना मी त्यात बघून वेणी सारखी करायचे.

"कशाला धडकला होता?"
मेथोडीने टेप सोडला. तो सर्रकन आत गेला.
"बहात्तरला हरणं फार होती,"
असं म्हणून तो थर्मासचं झाकण लावू लागला,
जे लावलेलंच होतं.

चासी ओढून सरळ करणारं यंत्र यॉर्कटनला आहे.
दोन दिवसांचं काम. फोन करून भाव विचारला,
कागदावर लिहिला,
कागद रेडिओखाली सरकवला.

मग कानस घेतली.
पाचव्या भोकाच्या कडेला लावली.
नव्या पत्र्याचा कीस बोटांवर पडत राहिला,
बारीक, चकचकीत, गार.
एक सूत झालं तेव्हा थांबले,
बोल्ट घालून पाहिला.

अजून नाही.