बाहेरची सवय

विपावाच्या खोऱ्यात बुर्या सुटला
की कौलांवर ठेवलेले दगडसुद्धा कुरकुरतात.
असल्या ईशान्येच्या वाऱ्यात
दह्याच्या डब्यांत वाढलेली टोमॅटोची रोपं
एकदम नेऊन ठेवायची नसतात.
काच म्हणजेच आकाश, असं त्यांना वाटत असतं.

पहिल्या दिवशी अर्धा तास, भिंतीच्या आडोशाला.
दुसऱ्या दिवशी एक.
ट्रे बाहेर, ट्रे आत.
शेजारची मिल्का कुंपणावरून विचारते,
"झोर्का, शाळेत सोडतेस का गं त्यांना?"

त्याच भिंतीशी बाकावर त्सिरिल बसतो.
माझा भाऊ. नोव्हेंबरपासून
इस्पितळाच्या चौथ्या मजल्यावर होता.
मनगटं फिकट, लांबडी,
उजेडाच्या ओढीनं वाढल्यासारखी.
मी ट्रे त्याच्या शेजारी ठेवते,
म्हणते, सावली सरकली की हाक मार.
पहिल्या दिवशी दहा मिनिटांतच हाक आली.
सावली जागची हलली नव्हती.
सगळ्यांना आत घेतलं.

चौथ्या दिवशी काही पानं भाजली,
कागदासारखी पांढरी. चूक माझी,
ढग गेलेला कळलाच नाही.

मग पंक्रात्सी, सर्वात्सी, बोनिफात्सी:
मे महिन्यातले बर्फाचे तीन संत,
आणि त्यांच्या मागून केस पिळत येणारी ओली सोफी.
ती जाईपर्यंत मातीला हात लावू नये
असं इथे सगळेच सांगतात,
आणि सगळेच आधी लावून मोकळे होतात.
मी थांबले.

सोळा तारखेला, ढगाळ संध्याकाळी
खड्डे घेतले, पाणी ओतलं, मुरू दिलं.
डबा उलटा, बुडावर टिचकी.
मुळांनी डब्याचा आकार घेतलेला,
तळाचा आकडासुद्धा मातीत उलटा उमटलेला.
"थोडी मोकळी कर," मी म्हटलं,
"नाहीतर अख्खं वावर मिळालं
तरी ती डब्यातच फिरत राहतात."
त्सिरिलनं गड्डी उकलली, फार हळू,
झोपलेल्याची मूठ सोडवावी तशी.

त्या रात्री बुर्या आला,
कुठल्याच संताला न विचारता.
पहाटे पाहते तर वाफ्यात बॅटरी हलत होती.
इस्पितळाचा पायजमा, पाठ वाऱ्याकडे,
माझे लोकरी मोजे फाडून
तो रोपं काठ्यांना बांधत होता.
आत ये, असं ओठांवर आलं होतं.
मी मोज्यांचा दुसरा जोड घेऊन गेले.

छत्तिसातली एकतीस उभी राहिली.
मिल्काला मी तेहतीस सांगितली.