‘मूळ’ नावाचा रकाना

भरमाण्णाचा कटला काट्यावर चढला:
अकरा किलो, दोनशे ग्रॅम.
खानापूरच्या पुलाखाली,
मलप्रभेत, कणकेच्या गोळीला लागलेला.
वहीत आजवर सगळ्यात मोठा साडेनवाचा.

मी पेनाचं टोपण काढलं, तोवर
सिद्राम कितवाडकर आला.
“माझ्या तळ्यातला हाय त्यो.
उजवा पर बघ, मीच छाटलेला.
पुरात बांध फुटला, तवा गेला.
पोसलेला मासा रेकॉर्डात बसत न्हाई.”

खरं आहे. नियम मीच लिहिलाय,
हिरव्या शाईनं.

खरं, ओठात
दुसऱ्याच कुणाचा गळ होता, गंजलेला,
आणि पाठीवर खडकाचा ओरखडा.
पेंड खाऊन असलं अंग होत नाही.

“नदीत किती वर्षं काढली
की नदीचा म्हणायचा?”
भरमाण्णानं विचारलं.
हा प्रश्न आमच्या तालुक्यात
माशापुरता राहत नाही.
सिद्रामसुद्धा पुलाकडं बघत बसला.

ओल्या पोत्यावर कटला तोंड उघडत होता.
वजन मी पेन्सिलीनं लिहिलं,
‘मूळ’ कोरंच ठेवलं.
भरमाण्णानं जुना गळ उपसला,
गुडघाभर पाण्यात उतरून मासा सोडला.

“आरं, माझा हाय की त्यो!”
सिद्राम ओरडला,
चप्पल हातात घेऊन.