फिक्कट निळा

माझगावच्या टेकडीवरच्या बागेत
रविवारी पाच वाजता आम्ही सतरंजी पसरतो.
खोडरबर आणायचं नाही, एवढंच ठरलंय.
एक कागद, तीन घड्या, मधोमध एक चीर
की झालं आठ पानांचं पुस्तक.
टाचणीही लागत नाही.

भोईर वॉचमन शिट्टी फुंकत आला होता,
परमिशन आहे का, म्हणाला.
कागदावरच काढतोय म्हटल्यावर घुटमळला,
मग उकिडवा बसून त्यानं बागेतला कुत्रा काढला.
पाचवा पाय म्हणजे शेपूट, हेही त्यालाच सांगावं लागलं.

तिसऱ्या पानावर नर्सबाईंच्या नुसत्या चपला, बारा जोड.
चौथं कुणी काढलं माहीत नाही.
चणेवाला म्हणतो, मी नाही.
कागदाला मीठ लागलेलं.

पाचवं इक्राचं. वय नऊ.
जीभ बाहेर काढून अर्धा तास
तिनं फिक्कट निळ्या पेन्सिलीनं समुद्र भरला,
क्रेनच्या मागे दिसतो तो
आणि दिसत नाही तोही.

खाली वेलजीभाईंच्या झेरॉक्सवर
वीस प्रती, चाळीस रुपये.
पान पाच कोरं.
वीसच्या वीस कोरी.

लोटलीकर काका हसले नाहीत.
अडतीस वर्षं गिरगावात, छापखान्याच्या कॅमेऱ्यापुढे.
"हा निळा मशीनला दिसत नाही," म्हणाले,
"आम्ही खुणा त्यानंच करायचो,
कुठं कापायचं, कुठं चिकटवायचं.
लोकांच्या हातात पेपर जायचा,
आमची रेघ नाही जायची."
एवढं ते आजवर बोलले नव्हते.

वाटलं, इक्रा रडणार.
तिनं गठ्ठा उचलला, टेकडी परत चढली
आणि पहिल्या प्रतीपासून समुद्र भरायला बसली.

सातव्या प्रतीला पेन्सिल संपली.
मग ज्याला जे सापडलं ते:
भोईरचं हजेरीबुकाचं बॉलपेन,
नर्सबाईंच्या पिशवीतलं जांभळं औषध, कापसानं.
बाकावरचं एक जोडपं, आमच्यात नव्हतंच,
त्यांनी लिपस्टिकनं संध्याकाळ केली.
"या बागेच्या पोटात पाण्याची टाकी आहे," भोईर म्हणाला,
"तुम्ही बसलाय ते पाण्यावरच."
कुणी लक्ष दिलं नाही, सगळे रंगवत होते.

लोटलीकर काकांनी एक प्रत कोरीच मागून घेतली,
उजेडाकडे धरून बघितली,
खिशात ठेवली.

आणि मूळ कागद?
त्याचा चणेवाल्यानं पुडा केला.
दहा रुपयांचे चणे, सगळ्यांना चार-चार आले.
खारट होते.